सोशल मीडियाचं अकाउंट बंद पडलंय? ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ग्वाल्हेरच्या लश्कर भागात घरीच गाण्याचा क्लास घेते. काही वर्षांपूर्वी एका सकाळी आमच्या क्लासचं पान बंद झालं. नऊ गुरुपौर्णिमांची रेकॉर्डिंग त्यावर होती आणि त्यातल्या दोनमध्ये आमचे गुरुजी स्वतः गायले होते. गुरुजी आता नाहीत. पान ४१ दिवसांनी परत मिळालं. तेव्हापासून दौलतगंज, छत्री बाजार, अगदी मुरारपासून लोक क्लास सुटल्यावर मोबाइल घेऊन येतात आणि म्हणतात, "ताई, माझंही उडालं." त्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवते आहे. एक गोष्ट आधीच सांगते. अकाउंट बहुतेक वेळा यंत्र बंद करतं. आपलं म्हणणं कुणा माणसाच्या डोळ्यांखालून जावं, एवढ्यासाठी ही सगळी खटपट असते, आणि ती तारखा सांभाळल्या तरच जमते.

अकाउंट उघडत नाही. सगळ्यात आधी काय करू?

स्क्रीनवर जे दिसतंय त्याचा स्क्रीनशॉट घ्या. दिवस आणि वेळ वहीत लिहा. अकाउंटला जोडलेला ई-मेल उघडून कंपनीचं पत्र शोधा. ते स्पॅममध्येही जाऊन पडतं. पत्रात कोणता नियम मोडला असं लिहिलंय ते शब्दशः उतरवून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच शब्दांवर चालतं.

घाबरून दहा वेळा पासवर्ड बदलू नका, ॲप काढून पुन्हा टाकू नका. आणि "२४ तासांत तुमचं पान कायमचं जाणार, इथे दाबा" असा मेसेज किंवा मेल आला असेल तर पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर अन् अक्षर वाचा. पुष्कळदा अकाउंट सुरळीत चालू असतं आणि हा नुसता पासवर्ड काढून घेण्याचा सापळा असतो. शंका असेल तर मेलमधली लिंक सोडा, थेट ॲप उघडून बघा.

सस्पेंड, डिसेबल, लॉक, विथहेल्ड: हे सगळं एकच का?

नाही, आणि हा फरक कळला की अर्धी भीती जाते. लॉक म्हणजे कुणीतरी परका आत शिरतोय असा संशय आल्यामुळे कंपनीने कडी लावली. आपली ओळख पटवली की ती निघते. सस्पेंड म्हणजे नियम मोडल्याचा ठपका, पण दाद मागण्याची मुदत शिल्लक. डिसेबल हा शब्द कंपन्या सैल वापरतात. 'कायमचं डिसेबल' असं लिहिलं असेल तर मात्र दार जवळपास बंद समजा. विथहेल्डचा प्रकारच वेगळा आहे. सरकारच्या किंवा न्यायालयाच्या आदेशावरून तुमचं अकाउंट भारतात दिसेनासं केलेलं असतं, परदेशात ते दिसतं. तिथे पहिल्या दिवसापासून वकिलाशी बोला.

मी काहीच केलं नाही. मग बंद का झालं?

हा प्रश्न विचारताना लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि बहुतेकांचं खरंही असतं. माझ्याकडे आलेल्यांत जी कारणं निघाली ती सांगते.

जन्मतारीख. हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. पोळी-भाजी केंद्राचं किंवा क्लासचं अकाउंट काढताना जन्मतारखेच्या रकान्यात लोक संस्था सुरू झाल्याची तारीख टाकतात. २०१८ साली सुरू झालेला क्लास यंत्राच्या हिशेबी लहान मूल ठरतो, आणि फेसबुक-इन्स्टाग्रामवर १३ वर्षांखालच्यांना परवानगी नाही. अकाउंट धंद्याचं असलं तरी तारीख चालवणाऱ्याचीच टाकायची.

दुसरं, एकच आमंत्रण दहा मिनिटांत चाळीस ग्रुपांत चिकटवणं. गणपतीच्या किंवा कोजागरीच्या कार्यक्रमाआधी आपण सगळेच हे करतो. यंत्राला त्यात स्पॅम दिसतं.

तिसरं, एकाच अकाउंटवर अनेक ठिकाणांहून लॉगिन. आई ग्वाल्हेरला, मुलगा पुण्यात, सून अमेरिकेत आणि तिघंही मंडळाच्या पानावर फोटो टाकताहेत. फॉलोअर वाढवून देणारी ॲप वापरली असतील तर ते चौथं, आणि तिथे चूक आपली आहे हे कबूल करावं.

पाचवं कारण सगळ्यात जास्त छळणारं. फेसबुक आणि इन्स्टाग्राम 'अकाउंट्स सेंटर'मध्ये एकमेकांना जोडलेले असतात. चोर आपलं घाणेरडं इन्स्टाग्राम अकाउंट तुमच्या फेसबुकला जोडतो, ते बंद होतं आणि त्याच्याबरोबर तुमचं फेसबुकही जातं. नोटिशीत तुम्ही कधी न ऐकलेलं इन्स्टाग्रामचं नाव दिसलं तर समजा हेच झालंय, आणि अपिलात ते पहिल्या ओळीत लिहा.

अपील कुठून करायचं? मुदत किती?

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर लॉगिन करायचा प्रयत्न केला की तीच स्क्रीन येते, तिच्यावर अपिलाचं बटण असतं. सस्पेंड झाल्यापासून १८० दिवसांत अपील करावं लागतं, नाहीतर अकाउंट कायमचं जातं. मुदत मोठी आहे म्हणून आज-उद्या करत बसू नका, पण त्याच तासाला रागाच्या भरातही करू नका. एकदा तपासणी होऊन निकाल विरोधात गेला की तेच बटण सहसा पुन्हा मिळत नाही. एक रात्र जाऊ द्या, कागद गोळा करा, मग करा.

ओळख पटवायला मोबाइलवर कोड येतो, कधी ओळखपत्राचा फोटो मागतात, कधी व्हिडिओ सेल्फी. त्यात मान डावीकडे-उजवीकडे वळवायला सांगतात. खिडकीजवळच्या उजेडात, चष्मा आणि डोक्यावरचा पदर बाजूला करून घ्या. पंच्याहत्तर वर्षांच्या एका काकूंचा व्हिडिओ तीनदा नाकारला गेला, कारण मागे देवघरातला दिवा लखलखत होता आणि चेहरा अंधारात. जागा बदलल्यावर चौथ्यांदा झाला.

एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, मदत विभागात अपिलाचा वेगळा फॉर्म आहे. तिथे मजकूर लिहायला जागा मिळते, तिचा उपयोग करा.

अपिलात लिहू तरी काय?

थोडकं लिहा. "मी गरीब आहे, माझं पोट यावर आहे" हे खरं असलं तरी वाचणाऱ्याला त्यावरून निर्णय देता येत नाही. त्याला हवं असतं ते हे: तुम्ही कोण, अकाउंट कोणतं, केव्हा बंद झालं, कोणता नियम सांगितला, तो का लागू होत नाही, तुम्हाला काय हवं. इंग्रजीत लिहिता येत असेल तर इंग्रजीत, नाहीतर साध्या सरळ हिंदीत. मी लोकांना आधी मराठीत लिहायला लावते आणि मग भाषांतर करून देते, कारण विचार आपल्या भाषेतच नीट मांडला जातो. नमुना असा:

"मी ग्वाल्हेर, मध्य प्रदेश इथे राहते आणि शास्त्रीय गायन शिकवते. माझं अकाउंट अमुक तारखेला 'स्पॅम' या कारणाने सस्पेंड झालं. त्या दिवशी मी आमच्या वार्षिक कार्यक्रमाचं आमंत्रण २२ ग्रुपांत टाकलं होतं. हे सगळे ग्रुप संगीताचे किंवा आमच्या शहराचे आहेत आणि मी त्यांची सभासद आहे. आमंत्रणात विक्री किंवा बाहेरची लिंक नव्हती. सोबत आमंत्रणपत्रिका आणि ओळखपत्र जोडलं आहे. कृपया माणसाकडून तपासणी व्हावी आणि अकाउंट पूर्ववत करावं."

यात भावनेला हात घालणारा एकही शब्द नाही. चूक झाली असेल तर तीही एका वाक्यात मान्य करा. "तो व्हिडिओ काढून टाकायला माझी तयारी आहे," असं लिहिल्याने कमीपणा येत नाही.

आधारवरचं नाव आणि अकाउंटवरचं नाव जुळत नाही. चालेल?

आपल्याकडे हा प्रश्न फार येतो. मध्य प्रदेशातल्या हिंदी कागदांवर आपला 'ळ' टिकत नाही. काळे यांचे काले होतात, वाळिंबे यांचे वालिंबे. इंग्रजीत कुणी 'व्ही' लिहितो, कुणी 'डब्ल्यू'. त्यात लग्नानंतरचं नाव. आधारवर माहेरचं, पॅनवर सासरचं, आणि फेसबुकवर मैत्रिणींना सापडावं म्हणून दोन्ही.

जे ओळखपत्र अकाउंटवरच्या नावाच्या सगळ्यात जवळ जातं ते द्या. नावासोबत त्यावर फोटो किंवा जन्मतारीख हवी. स्पेलिंगच्या फरकाचं कारण अपिलात एका ओळीत सांगा, जमलं तर लग्नाचा दाखला जोडा. आधारच द्यायचं असेल तर 'मास्क्ड' आधार उतरवून घ्या. त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि अकाउंट "स्वरगंगा ग्वाल्हेर" अशा नावाने वैयक्तिक प्रोफाइल म्हणून उघडलं असेल तर ओळखपत्र कधीच जुळणार नाही. संस्थेसाठी प्रोफाइल नव्हे, पान काढायचं असतं.

अपील फेटाळलं. संपलं का सगळं?

नाही. माझं स्वतःचं अपील दोन ओळींच्या छापील उत्तराने फेटाळलं गेलं होतं. खरी लढाई इथून पुढे सुरू होते आणि नेमके इथेच लोक थकून घरी बसतात. म्हणून हे सविस्तर सांगते.

केंद्र सरकारने २५ फेब्रुवारी २०२१ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली नवे नियम काढले. त्यांनुसार अशा प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. भारतात ५० लाखांहून जास्त नोंदलेले वापरकर्ते असतील तर तो अधिकारी भारतात राहणारा हवा. तक्रार मिळाल्याची पोच २४ तासांत द्यायची आणि निकाल लावायला १५ दिवसांच्या वर घ्यायचे नाहीत, असं २०२१ च्या मूळ नियमांत लिहिलं होतं; फेब्रुवारी २०२६ मध्ये निकालाची मुदत ७ दिवसांवर आणली गेली. मोठ्या कंपनीने स्वतःहून मजकूर काढला किंवा लोकांना तो दिसणं बंद केलं, तर कारण कळवायचं आणि दाद मागायची पुरेशी संधी द्यायची, हेही त्याच नियमांत आहे.

या अधिकाऱ्याचा पत्ता मदत विभागात, नियम-अटींच्या पानांत असतो. 'ग्रिव्हन्स ऑफिसर' आणि 'भारत' असं शोधा. गुगलवर फिरणारे ग्राहक सेवेचे फोन नंबर अजिबात लावू नका. तक्रारीत आधीच्या अपिलाची तारीख, त्याचं उत्तर आणि पहिल्या दिवशीचा तो स्क्रीनशॉट जोडा. पहिल्या दिवशी वहीत लिहून ठेवलेलं इथे कामी येतं. पोच म्हणून मिळालेला क्रमांक जपून ठेवा.

उत्तर पटलं नाही, किंवा मुदत उलटूनही आलंच नाही, तर वरची पायरी आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन तक्रार अपील समितीची सोय झाली. जानेवारी २०२३ मध्ये अशा तीन समित्या नेमल्या गेल्या आणि १ मार्च २०२३ पासून त्यांचं काम सुरू झालं. प्रत्येक समितीत एक अध्यक्ष आणि दोन सदस्य असतात. सगळं काम ऑनलाइन चालतं, पत्ता जीएसी डॉट जीओव्ही डॉट इन. दिल्लीला खेटे घालावे लागत नाहीत. अधिकाऱ्याचं उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील दाखल करायचं असतं, आणि समितीने ते ३० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं नियम सांगतो. समितीचा आदेश कंपनीला पाळावा लागतो.

माझं पान समितीपर्यंत जायच्या आधी, तक्रार अधिकाऱ्याच्या पायरीवरच सुटलं. उत्तरात "चूक आमची झाली" असं कंपनीने लिहिलं नव्हतं, फक्त "पूर्ववत केलं आहे" एवढंच होतं. पण त्या उत्तराखाली एका माणसाचं नाव होतं. ४१ दिवसांत पहिल्यांदाच.

पोलिसांत जाऊ का? कोर्टात?

अकाउंट हॅक झालं असेल, तुमच्या नावाने कुणी पैसे मागत असेल किंवा घाणेरडे फोटो टाकत असेल तर आजच जा. पैसे गेले असतील तर आधी १९३० ला फोन करा, सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार नोंदवा आणि ती प्रत घेऊन पोलिसांच्या सायबर सेलकडे जा. तक्रारीची प्रत जोडली की अपिलाला वजन येतं. पण कंपनीने नियमावर बोट ठेवून अकाउंट बंद केलं असेल तर पोलीस काही करू शकत नाहीत. त्यांच्यावर रागावू नका.

कोर्टाचं म्हणाल, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हॉट्सॲप बंद झाल्याची एक याचिका थेट सर्वोच्च न्यायालयात गेली होती. व्हॉट्सॲप मिळणं हा मूलभूत हक्क कसा, असं न्यायालयाने विचारलं, झोहो या भारतीय कंपनीचं अराट्टाई हे मेसेजिंग ॲप वापरता येईल असंही सुचवलं, आणि याचिका मागे घ्यावी लागली. तेव्हा आधी वरच्या पायऱ्या चढा. निळ्या खुणेसाठी किंवा जाहिरातींसाठी तुम्ही पैसे भरत असाल तर मात्र ग्राहक म्हणून बोलता येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

"पाच हजार द्या, दोन दिवसांत परत आणतो," असं म्हणणारा भेटलाय.

देऊ नका. आपल्यातल्याच एका मुलीने दिले. पाच गेले, मग "सर्व्हरची फी" म्हणून तीन, मग त्याने ओटीपी मागितला आणि चालू असलेलं दुसरं अकाउंटही गेलं. अपिलाला कंपनी पैसे घेत नाही. कंपनीच्या आत ओळख आहे असं सांगणारा तुमच्या घाबरण्यावर कमावतो.

पारंपरिक बंदिश गायलो, तरी यूट्यूबवर कॉपीराइट आला. हे कसं?

तानसेनाच्या गावात हा प्रश्न येणारच. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला 'संगीताचं शहर' म्हटलं, आणि इथल्या मुलांना यमनच्या जुन्या बंदिशीवर दुसऱ्याचा मालकी हक्क दाखवला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गोष्ट अशी आहे की बंदिशीचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा, पण एखाद्या गायकाने कंपनीसाठी तो ज्या चालीत गायला ते मुद्रण आणि ती चाल सगळ्यांची नव्हे. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो. यूट्यूबचं 'कंटेंट आयडी' आवाज जुळवून बघतं. तोच राग, तीच बंदिश, तोच तानपुऱ्याचा सूर असला की ते कधी कधी फसतं.

आधी बघा, 'क्लेम' आहे की 'स्ट्राइक'. क्लेममुळे चॅनेल जात नाही, फार तर उत्पन्न समोरच्याला जातं किंवा व्हिडिओ दिसेनासा होतो. गाणं तुमचं स्वतःचं असेल तर 'डिस्प्यूट' करा, समोरच्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. स्ट्राइक गंभीर. तो ९० दिवस टिकतो आणि त्या काळात तीन जमले की चॅनेल जातं. चुकीच्या स्ट्राइकवर 'काउंटर नोटिफिकेशन' देता येतं. समोरच्याने कामाच्या १० दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत येतो. पण ही कायदेशीर कारवाई आहे. त्यात दिलेलं नाव-पत्ता समोरच्या पक्षाला कळू शकतं, आणि खोटं लिहिलं तर अंगाशी येतं. मागे कॅसेटचं गाणं लावून मुलांनी नाच केला असेल तर हे करू नका, व्हिडिओ काढा.

माझा सल्ला: रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, जागा, गाणाऱ्याचं आणि साथीदारांचं नाव मोठ्याने सांगा. वाद झाला तर हे रेकॉर्डिंग तुमचंच आहे हे दाखवायला तेवढं एक वाक्य हाताशी असतं.

व्हॉट्सॲप बंद झालंय. त्यावर तर सगळ्या ऑर्डरी येतात!

स्क्रीनवरच 'रिव्ह्यू' मागायचं बटण असतं. एसएमएसने आलेला सहा आकड्यांचा कोड टाकून विनंती पाठवा. 'जीबी व्हॉट्सॲप'सारखं नकली ॲप असेल तर ते काढून मूळ ॲप टाका. तात्पुरत्या बंदीत किती वेळ उरलाय ते स्क्रीनवर दिसतं.

संक्रांतीला तिळगुळाच्या वड्यांची जाहिरात अनोळखी नंबरांना पाठवली आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी रिपोर्ट दाबला, की हे होतं. ब्रॉडकास्टने पाठवा. तो मेसेज ज्यांनी तुमचा नंबर जपून ठेवलाय त्यांनाच पोचतो, त्यामुळे तक्रारी कमी येतात.

तोवर दुसरं अकाउंट काढू का?

त्याच फोनवर, त्याच नावाने नको. बंदी चुकवायचा प्रयत्न म्हणून तेही जातं आणि पहिल्याचं अपील कमजोर होतं. गिऱ्हाइकांना दुकानाच्या फलकावर, बिलावर फोन नंबर द्या. चार आठवडे तेवढ्यावर चालतं.

मंडळाचं पान ठीक आहे, पण चालवणाऱ्या दादांचं प्रोफाइलच गेलं.

पानाला दुसरा ॲडमिन असेल तर त्याने काम चालू ठेवावं. नसेल तर दादांचं प्रोफाइल सुटेपर्यंत पान अडकलं. पूर्ण अधिकार असलेले निदान दोन ॲडमिन ठेवा, वेगवेगळ्या घरांतले. मंडळाचा चिटणीस बदलला की किल्ल्या आणि हिशेबाच्या वहीबरोबर हेही हवाली व्हायला हवं.

आणि शेवटी नाहीच मिळालं तर?

मुदत संपायच्या आत आतला ऐवज बाहेर काढा. फेसबुक-इन्स्टाग्रामवर सस्पेंड असतानाही लॉगिन केल्यावर 'माहिती डाउनलोड करा' हा पर्याय पुष्कळदा मिळतो, गुगलसाठी 'टेकआउट' आहे. पहिल्याच आठवड्यात हे करून टाका, अपिलाचा निकाल काहीही येवो.

तेही जमलं नाही तर माणसांना विचारा. पान बंद होतं तेव्हा मी जुन्या विद्यार्थ्यांना एकेक करून फोन केले. कुणाच्या जुन्या मोबाइलमध्ये, कुणाच्या पेनड्राइव्हवर, नागपूरला गेलेल्या एकीच्या लॅपटॉपवर, असं करत नऊपैकी सात वर्षांचं गाणं जमलं. गुरुजींनी गायलेला केदार राग छत्री बाजारात राहणाऱ्या तबलजींच्या मुलाकडे निघाला. त्याने तो शेवटच्या रांगेतून उभ्याने घेतला होता, मध्ये कुणाचा तरी खोकला आहे. आता त्याच्या तीन प्रती आहेत. एक माझ्याकडे, एक त्याच्याकडे, एक गुरुजींच्या घरी.